मायनस अठरा

या आठवड्यात रोझीमावशीच्या टोपलीत नवे सुके बोंबील आले. ती उत्तनहून येते आणि शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीसमोर, रस्त्यापलीकडच्या विजेच्या डीपीला टेकून बसते. गेटाच्या अलीकडे बसायची तिला मुभा नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन-तीन घरांना वास चालत नाही आणि वॉचमन त्यांचं ऐकतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा ती फारशी दिसत नाही. नारळी पौर्णिमा झाली की ओली मासळी घेऊन येऊ लागते. मग ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजायला लागलं, की एके दिवशी पापलेटांच्या शेजारी, ओल्या फडक्यापासून जरा लांब, बोंबलांची पहिली जुडी ठेवलेली असते.

आईचा तो सण. आम्ही मूळचे परभणीकडचे. तिकडे समुद्र नाही, पण सुकट-बोंबील आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आई गॅसवर जाळी ठेवते, बोंबील भाजते, बोटांनी मोडते, कांदा, तिखट आणि तेलाची धार घालते आणि भाकरी टाकायला घेते. सगळ्या मजल्याला कळतं. लहानपणी मी त्या वासानं अभ्यास टाकून स्वयंपाकघरात यायचे. आता तो वास आला की मी बाल्कनीत जाऊन उभी राहते. आई म्हणते, हिला हल्ली बोंबील सोसत नाहीत. सोसत नाही ते वेगळंच आहे, आणि चार वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं काम लोकांना समजावणं अवघड जातं. एकदा पाहुणे आले होते तेव्हा आईनं “कम्प्युटरमध्ये आहे” एवढ्यावर भागवलं. “कम्प्युटरमध्ये म्हणजे काय करते?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की मी मशिनांशी मुद्दाम चुकीचं बोलते. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

पण काम खरंच तेच आहे. नेटवर्कवर जोडलेली दोन यंत्रं एकमेकांशी ठरलेल्या पद्धतीनं बोलतात. एक म्हणतं, आता चार अक्षरं पाठवतोय, आणि चारच पाठवतं. मी मधे बसते आणि “चार अक्षरं” असं सांगून चारशे पाठवते. आकड्याच्या जागी नुसती वजाबाकीची चिन्हं पाठवते. अर्धं वाक्य बोलून गप्प बसते. असे हजारो बिघडवलेले मेसेज एक प्रोग्रॅम बनवत जातो, पाठवत जातो, आणि मी पाहते की समोरचं सॉफ्टवेअर सांभाळून घेतं की कोलमडतं. याला फझिंग म्हणतात. माठ घेताना आई बोटाच्या पेरानं तो सगळीकडून वाजवून बघते, तसंच हे. फरक एवढाच, की माठ फुटला तर आईला वाईट वाटतं. आमच्या कामात फुटला की आनंद होतो, कारण गिऱ्हाइकाकडे फुटण्याआधी आपल्याकडे फुटला.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत होता. खाली स्टीलची भांडी पॉलिश करायचा कारखाना, त्यामुळे चहाच्या कपावर कायम काळसर पूड. आम्ही शीतगृहांसाठी कंट्रोलर बनवत होतो, पण त्याला कंट्रोलर कुणी म्हणायचं नाही, सगळे डबाच म्हणायचे. डबा आतली थंडी मोजायचा, कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा आणि आकडा शीतगृहाच्या मालकाच्या फोनवर पाठवायचा. वर लाल आकड्यांचा छोटा स्क्रीन. आमचे मालक मेहुलभाई, मेहनती माणूस, गाळ्यात सगळ्यांच्या आधी येऊन स्वतः झाडू मारायचे.

उत्तनमध्ये काही नाखव्यांनी, म्हणजे होड्यांच्या मालकांनी, मिळून एक छोटं शीतगृह काढलं होतं. आमचा डबा तिथे होता. तिथली राखण आणि नोंदी पास्कूकाकांकडे होत्या. पास्कूकाका म्हणजे रोझीमावशीचा नवरा. गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत ते होडीवर गेले आणि मग या कामाला लागले. डबा बसवायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, “हा आकडा म्हंजे आतली थंडी, बरोबर ना? आकडा बगला का झाला?” मी म्हटलं, “हो काका, आकड्यावर विश्वास ठेवा. दार उघडून बघू नका, दार उघडलं की थंडी जाते.” त्यांनी मान डोलावली, खिशातून वेलंकनी मातेचं बोटभर स्टिकर काढलं आणि डब्याच्या कोपऱ्यावर चिकटवलं. दर दोन तासांनी ते आकडा पाहून वहीत लिहायचे. अक्षर मोठं, शाळेतल्या मुलासारखं. मायनस अठरा, मायनस साडेसतरा, मायनस अठरा.

चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार, दिवाळीच्या आधीचा. गाळ्यातले बरेचजण खरेदीला गेले होते. पंखा गरम हवा फिरवत होता. मेसेज बिघडवायचे तर आधी चांगले मेसेज हाताशी लागतात, खरे, रोजच्या वापरातले. म्हणून मी उत्तनच्या डब्याशी गाळ्यातून कनेक्शन जोडलं आणि तासभर त्याचं बोलणं उतरवून घेतलं. मग माझ्या टेबलावरच्या डब्यावर टेस्ट लावली आणि चहा प्यायला खाली गेले. उत्तनचं कनेक्शन बंद करायचं राहिलं.

एवढ्यानं काही बिघडायला नको होतं. पण आमच्या गाळ्याची एक आळशी सवय होती. आम्ही प्रत्येक डब्याला नेटवर्कवरचा पत्ता एकच द्यायचो, म्हणजे बसवणाऱ्याला लक्षात ठेवायला सोपं. टेबलावरच्या डब्याचा पत्ता तोच आणि उत्तनच्या डब्याचाही तोच. कनेक्शन चालू होतं, म्हणून माझे बिघडवलेले मेसेज दोन हातांवरच्या डब्याकडे न जाता सरळ उत्तनला जात होते. ज्या डब्याचं खरं बोलणं मी उतरवून घेतलं होतं, त्यालाच मी ते वेडंवाकडं करून ऐकवत होते.

चार वाजता स्क्रीनवर आलं, समोरचा डबा उत्तर देत नाही. मला काय आनंद झाला. मी फोटो काढून मेहुलभाईंना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं, “मर गया? शाबास वैशाली, सोमवारी माझ्याकडून समोसे.” मी खुर्चीत मागे रेलले आणि टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकत होता. मेलेल्या डब्याचा दिवा असा लुकलुकत नाही.

मी म्हटलं, दिवा वेगळ्या वायरवर असेल. मग तोच मेसेज पुन्हा पाठवून पाहावा म्हणून हात पुढे केला आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात कनेक्शनचं चिन्ह दिसलं. शेजारी लिहिलं होतं, उत्तन.

यानंतरची दहा मिनिटं मी आजवर किती वेळा पुन्हा जगले असेन, सांगता येत नाही. समोर भिंतीवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांचा कागद होता. वरून तिसरं नाव पास्कूकाकांचं. फोन करून एवढंच म्हणायचं होतं, काका, डबा एकदा बंद करून चालू करा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मग ते विचारणार, का? आणि मग नाखवे मेहुलभाईंना विचारणार, तुमची पोरगी आमच्या मशिनशी खेळते का? मी उठले, पुन्हा बसले, पाणी प्यायले. डबा अडकला तर आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी सोय आत केलेली असते, ती मला आठवली. होईल सुरू, मी म्हटलं. झालाही असेल. कनेक्शन बंद केलं, लॅपटॉप मिटला आणि आईनं सांगितलेल्या पणत्या घेऊन घरी गेले. फोन केला नाही. चूक कुणाच्याही हातून होते. ही चूक नव्हती.

तो सुरू झाला नाही. त्यात जुनं सॉफ्टवेअर होतं आणि ती सोय त्यात नीट चालत नव्हती. डबा अडकला त्या क्षणी कॉम्प्रेसर थोडा वेळ विसावला होता, तो पुन्हा चालू करायचा हुकूम त्याला कधी मिळालाच नाही. आकड्यांचा स्क्रीन मात्र वेगळा होता. त्याला शेवटी जे सांगितलं गेलं, तेच तो दाखवत राहिला, आणि नाखव्यांच्या फोनवरही तोच शेवटचा आकडा राहिला. मायनस अठरा. पास्कूकाकांनी रात्रपाळीत दर दोन तासांनी उठून ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. मी सांगितलं होतं तसं दार उघडलं नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटपून एक नाखवा लग्नाच्या ऑर्डरची सुरमई काढायला गेला, तर दाराखालून पाणी येत होतं. गावातल्या कितीतरी घरांची मासळी होती ती. सगळी खाडीत टाकावी लागली.

सोमवारी मेहुलभाई सकाळीच माझ्या टेबलाशी आले. समोसे आणले नव्हते. म्हणाले, “वैशाली, उत्तनला लफडं झालंय. तुझं ते शनिवारचं टेस्टिंग इथल्याच डब्यावर होतं ना?” मी म्हटलं, “हो.”

तेवढंच. एक अक्षर. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मला कळलं, की दुसरं उत्तर त्यांनाही नको होतं. दुपारी उत्तनचा डबा काढून आणला, तिथे नवा बसवला, आणि जुना तपासायचं काम माझ्याकडेच दिलं. चालू केल्याबरोबर तो शहाण्यासारखा वागायला लागला, कारण बंद-चालू केलं की असं अडकणं सुटतं. मी दोन दिवस त्याला हजारो मेसेज पाठवले, तो एक सोडून. तो एक माझ्याकडे जपलेला होता. ज्या मेसेजनं समोरचा कोलमडतो, तो आमचा प्रोग्रॅम स्वतःहून फाइलमध्ये ठेवून देतो, म्हणजे दोष पुन्हा करून दाखवता यावा. एकसष्ट अक्षरांची फाइल होती. मी ती उघडलीसुद्धा नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, तपासणीत दोष आढळला नाही. वाक्य खरं होतं, आणि इतकं खोटं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांकडचे जुने डबे नव्या सॉफ्टवेअरवर न्यावेत म्हणून मात्र मी मेहुलभाईंच्या मागे लागले आणि महिन्याभरात ते करून घेतलं. कारण सांगितलं नाही.

तो रिपोर्ट नाखव्यांच्या बैठकीत वाचला गेला. मग पास्कूकाकांची वही उघडली. रोजच्या पानांवर आकडा थोडाफार हलायचा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्या रात्रीच्या पानावर ओळीनं मायनस अठरा, मायनस अठरा, मायनस अठरा. खरा आकडा असा थिजून बसत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला पटलं. म्हणजे म्हातारा झोपला, आणि सकाळी उठून एका दमात पान भरलं. काका म्हणत राहिले, मी आकडा पाहिला, आकडा होता. त्यांना काम सोडायला सांगितलं. ज्या घरांची मासळी गेली, त्यांनी बोलणं सोडलं.

हे सगळं मला डीपीसमोर कळत गेलं. रोझीमावशी कोयत्यानं खवले काढता काढता बोलायची. कुणी हिंदी बोलणारी बाई मधेच पापलेट दाबून बघायला लागली तर तिला, “लेना है तो लो, दबाओ मत,” आणि पुन्हा माझ्याकडे वळून, “माजा मानूस झोपला न्हाय गो. चालीस वरसां दर्यावर रात काढली त्याने. तो कसा झोपेल?” मी पैसे पुढे करायचे. ती सांगेल तेवढे. आधी मी भाव करण्यात आईच्या वरताण होते, मावशी मला बघून कपाळाला हात लावायची. त्या दिवाळीपासून माझ्या तोंडून भाव निघेना. आई वरून बाल्कनीतून ऐकायची आणि घरी आल्यावर विचारायची, “काय गं, तुझी जीभ कुठं गहाण पडली?” मी म्हणायचे, पिशवी घे, मला काम आहे.

रविवारी सकाळी मी आईबरोबर विहारात जाते. लहानपणापासूनची सवय. पंचशील म्हणताना तीन शिलांपर्यंत माझा आवाज सगळ्यांबरोबर असतो. चौथं, खोटं बोलणार नाही हे, आलं की मी ओठ हलवते. शेजारी आई खणखणीत आवाजात म्हणत असते. आमच्याकडे कुणासमोर गुडघे टेकून पाप सांगायची आणि मोकळं व्हायची रीत नाही. आपलं आपण सुधारायचं. मला ते नेहमी आवडत आलंय, स्वाभिमानाचं वाटतं. पण सुधारायच्या आधी सांगावं लागतं, आणि मी चार वर्षं ओठ हलवत होते.

लोक म्हणतात काळ जातो तशी बोच कमी होते. माझी उलट दर ऑक्टोबरात कोवळी होऊन येते. वर्षभर मी बरी असते, हसते, नव्या पोरींना काम शिकवते. “दोष पुन्हा करून दाखवता आला तरच तो दोष, नाहीतर ती अफवा,” असं त्यांना ठणकावून सांगते. मग ऊन कडक होतं, टोपलीत जुडी दिसते, आणि मला माझ्याच तोंडाची किळस येते.

यंदा आम्ही तो गाळा सोडला. मेहुलभाईंनी वसईकडे मोठी जागा घेतली. भंगारात काय द्यायचं ते निवडताना वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांच्या मागे, तो डबा सापडला. कोपऱ्यावर वेलंकनी मातेचं स्टिकर, रंग उडालेलं. आत अजून तेच जुनं सॉफ्टवेअर. खाली भंगारवाला काटा लावून उभा होता. मी डबा ओढणीत गुंडाळून पिशवीत टाकला आणि घरी आणला.

आई भाकरी थापत होती. हे काय, म्हणाली. मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं, पणत्यांपासून रिपोर्टापर्यंत. तिनं मधे एकदाही विचारलं नाही. आई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती, माणसं काय काय लपवतात ते तिनं पाहिलेलं आहे. भाकरी उलटली, हात धुतले आणि मग म्हणाली, “हा डबा घेऊन जा. नुसतं तोंडानं सांगायला गेलीस तर रडशील, आणि रडलीस की ते बिचारे तुलाच पाणी देत बसतील. रडायला जायचं नाही. दाखवायला जायचं.” थोड्या वेळानं म्हणाली, “मी त्या बाईकडून चार वर्षं मासे घेतले, अन् माझी पोरगी अशी.” हे तिनं मला उद्देशून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

परवा रविवारी दुपारी मी उत्तनच्या बसमध्ये बसले. मांडीवर डबा आणि लॅपटॉप. चौकाच्या पुढे गाव सुरू झालं की दोन्ही बाजूंना बांबूच्या वलांड्या, त्यांवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, उन्हात पारदर्शक झालेले. मला परत फिरावंसं वाटलं, हे कबूल करते. पुढच्या स्टॉपला उतरायला उठलेही होते. एका बाईनं माझी जागा घेतली, मग उभीच राहिले आणि शेवटपर्यंत गेले.

पास्कूकाका ओसरीवर जाळं विणत बसले होते. मला ओळखलं नाही, डब्याला ओळखलं. स्टिकरवरून अंगठा फिरवत म्हणाले, “हा कुठं गावला तुला?” रोझीमावशी आतून आली आणि हसली. म्हणाली, “ही शांती नगरची गिऱ्हाईक माजी. बस गो.” मी बसले नाही. मावशीकडून पेलाभर बर्फ मागून घेतला, डब्याची थंडी मोजायची वायर त्यात सोडली आणि डबा चालू केला. लाल आकडे उतरत आले. दोन, दीड, एक, पुन्हा सव्वा. हलत होते.

“काका, हात पुढे करा,” मी म्हटलं. “आधी आकडा बघा.” मग ती फाइल उघडली आणि एकसष्ट अक्षरं पाठवली. आकडा सव्वावर थांबला. मी वायर पेल्यातून काढून काकांच्या मुठीत दिली. जाळ्याच्या कामानं गरम झालेली मूठ. काकांनी ती आवळून धरली आणि स्क्रीनकडे पाहत राहिले. आकडा सव्वा. मिनिट गेलं, दोन गेली. आकडा सव्वा.

“हलत न्हाय,” काका म्हणाले.

मग मी सांगितलं. त्या शनिवारी हेच तुमच्या डब्यावर मी गाळ्यातून पाठवलं. चुकून पाठवलं. पण मला दहा मिनिटांत कळलं आणि मी तुम्हाला फोन केला नाही. मग मालकांशी खोटं बोलले. मग रिपोर्ट खोटा लिहिला. तुम्ही खरं बोलत होतात हे सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं. आईचं ऐकलं, रडले नाही.

रोझीमावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काका स्क्रीनकडेच पाहत होते. मूठ अजून आवळलेली. मग माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाले, “म्हंजे मी झोपलो न्हवतो.”

“मी काय सांगत व्हते?” मावशी म्हणाली. “चार वरसां सगल्यांना काय सांगत व्हते?”

“तू सांगत व्हती,” काका म्हणाले. “मना वाटला, तू बायको हाय म्हनून सांगते. एवढी मानसं बोलत व्हती. मशीन बरोबर हाय असा कागूद आला. मग मना वाटाय लागला, झोपलोच आसन. म्हातारपन हाय, डोला लागला आसन, कलला नसंल. त्याच नाताळाला मी फादरकडं कन्फेशन केलं. झोपलो आन वही खोटी भरली, असा सांगितला.”

मावशीच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही. ती माझ्या गेटासमोर, बसस्टॉपवर, बाजारात, जिथे टोपली उतरेल तिथे त्याच्यासाठी भांडत होती, आणि तो घरात तिच्या शेजारी बसून कधीच हरलेला होता. मी मासळी नासवली, काम घालवलं, हे मला ठाऊक होतं. एका सरळ माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा मी काढून घेतला, हे ठाऊक नव्हतं. लाज या शब्दाचा तळ मला लागला असं मी इतकी वर्षं समजत होते.

“आता फादरला काय सांगू?” काका म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “न केलेल्या पापाची माफी घेऊन आलो मी. देवाशीच खोटा बोललो म्हंजे.”

मी म्हटलं, “मी येते तुमच्याबरोबर. फादरकडे, नाखव्यांकडे, जिथे म्हणाल तिथे. लेखी देते.” त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. वायर पेल्यात परत सोडली आणि म्हणाले, “परत कर.”

मी डबा बंद-चालू केला. आकडे उतरले, हलले. मेसेज पाठवला, थांबले. काकांनी मूठ आवळली. “परत कर.” तिसऱ्यांदा ते उठले, गुडघा धरत अंगणात गेले आणि शेजारच्या नाखव्याला हाक मारली. तो आला, त्याच्यामागून त्याचा भाऊ आला. ज्यांनी बोलणं सोडलं होतं तेच. नाखव्यानं वायर मुठीत धरली, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, “कोन ही?” म्हणाला. काकांनी मला खूण केली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी चुकून पाठवलं, मला दहा मिनिटांत कळलं, मी फोन केला नाही. नाखवा शिवी देईल असं वाटलं. तो खाली बसला आणि डोक्यावरून हात फिरवत काकांना म्हणाला, “पास्कू, मना पन करून बगू दे.”

माणसं येत राहिली. प्रत्येकाला आकडा आपल्या मुठीत थांबलेला बघायचा होता, आणि प्रत्येकाला मी तेच सांगत होते. पेल्यातला बर्फ संपला की मावशी दुसरा आणून ठेवायची. नव्या पोरींना मी जे शिकवते, ते त्या ओसरीवर मला शिकायला मिळालं. एकदा सांगून झालं की सुटलो असं नसतं. पुन्हा करून दाखवावं लागतं, ज्याला ज्याला शंका आहे त्याच्यासमोर, तितक्याच वेळा. सातव्या-आठव्या वेळेला “मी फोन केला नाही” हे वाक्य पाठ झाल्यासारखं येऊ लागलं, तशी मला त्याचीही लाज वाटली आणि मी सावकाश, शब्द तोडून म्हणू लागले.

ऊन कललं तशी गर्दी पांगली. ठरलं, की पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी येऊन बैठकीत हेच दाखवायचं आणि रिपोर्ट खोटा होता असं लिहून सही करायची. मेहुलभाईंना आज सकाळी सगळं सांगितलं आहे. नोकरीचं काय ते आठवड्यात कळेल.

ओसरीवर शेवटी रोझीमावशी उरली. सगळ्यांनी वायर धरली होती, तिनं नव्हती. तिला कशाला धरायची, ती आधीपासूनच मानत होती. तरी तिनं हात पुढे केला. मी डबा चालू केला, मेसेज पाठवला. तिनं मूठ आवळली, पण स्क्रीनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

“तू भाव करायची सोडली व्हती ना,” ती म्हणाली. “चार वरसां. मी घरी येऊन याला सांगायची, शांती नगरला एक पोरगी हाय, आपल्यावर वेल आली तशी एक पैशाचा भाव करत न्हाय. मना वाटायचा, लय चांगली पोरगी हाय.”

तिनं वायर माझ्या हातात दिली आणि दव पडायच्या आत वलांडीवरचे बोंबील उतरवायला गेली.